पहाटे पाचचा डबा, सव्वादोनचं जेवण

हे प्रकरण बडोद्यातल्या एका मराठी मंडळाच्या बालवर्गाचं आहे. मंडळाचं आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत. डबा करणाऱ्यांपैकी मीही एक होते, तेव्हा पुढे ज्या चुका येतील त्यात माझा वाटा आहे, हे आधीच सांगून टाकते.

पार्श्वभूमी

वर्ग रविवारी सकाळी भरतो. सहा ते बारा वयाची मुलं. शाळेत इंग्रजी, खाली गल्लीत गुजराती आणि घरी आजी असेल तर मराठी. वर्षाला दोन सहली ठरलेल्या, एक श्रावणात आणि एक थंडीत. सहलीचा डबा विकत आणायचा नाही, आपण करायचा, ही जुनी पद्धत. सामान मंडळाचं, हात आमचे. आम्ही सात-आठ जणी. कोणी लाटायचं, कोणी तळायचं, कोणी भरायचं.

मेनू कोणी कधी ठरवला ते कोणालाच आठवत नाही. पुरी, बटाट्याची सुकी भाजी, दाण्याची चटणी आणि चिक्की. भाजी दरवर्षी एकाच काकूंची. त्यांच्या हाताला चव आहे यात वाद नाही, आणि त्यांना कोणी काही सांगत नाही यातही नाही. पहाटे तीनला उठून फुकट राबणाऱ्या माणसाला ‘काकू, हे असं नको’ म्हणायचं कोणी? त्यामुळे प्रश्नच कधी विचारला गेला नाही.

ऑगस्टची सहल

३८ मुलं, ६ मोठी माणसं, ठिकाण चांपानेर-पावागड. बडोद्याहून पन्नासेक किलोमीटर. पावसाळ्यात तो डोंगर बघण्यासारखा असतो आणि खाली सुलतान महमूद बेगड्याच्या राजधानीचे अवशेष. २००४ साली युनेस्कोनं जागतिक वारसा यादीत घेतलेली ही जागा आमच्या बहुतेक मुलांनी फक्त महाकाळीच्या दर्शनाला जाताना बसच्या खिडकीतून पाहिलेली. म्हणून या वेळी आधी चांपानेर दाखवायचं, साडेअकराला जेवायचं आणि मग रोपवेनं वर, असं ठरलं.

पहाटे चारला भाजी गॅसवरून उतरली. पाचपर्यंत पुऱ्या झाल्या. फॉइलच्या डब्यात खाली भाजी, वर चार पुऱ्या, कडेला चटणीची पुडी, आणि वरून पुठ्ठ्याचं झाकण दाबून बंद. मला चांगलं आठवतंय, डबे भरताना बोटं भाजत होती. आम्ही पदर धरून झाकणं दाबत होतो आणि ‘पोरांना गरम गरम मिळेल’ म्हणून खूश होतो. पुऱ्या निथळायला वर्तमानपत्रावर टाकल्या होत्या, तेही नेहमीसारखंच. छापाची शाई अन्नाला लागू नये म्हणून वर्तमानपत्र वापरू नका, असं अन्नसुरक्षा प्राधिकरण सांगत आलं आहे. आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ते पोचलं नव्हतं.

साडेसहाला बस निघाली. डबे चार खोक्यांत, खोकी बसच्या डिकीत.

जामी मशिदीत मुलं खांब मोजायला लागली. प्रत्येकाचा आकडा वेगळा, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. तिथे तास गेला, आणि तो तास गेल्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही. पण त्यामुळे साडेअकराला आम्ही जेवायला बसण्याऐवजी बसपाशी उभे होतो. श्रावणातला रविवार, रोपवेला रांग वाढत चाललेली. संयोजक दादा म्हणाले, “आधी वर जाऊन येऊ, नाहीतर राहूनच जाईल. जेवण काय, खाली आल्यावर.” कोणीच नाही म्हटलं नाही. डबे खाली बसमध्ये राहिले, बस उन्हात उभी राहिली.

खाली यायला दोन वाजले. सव्वादोनला पहिलं खोकं उघडलं.

झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब ओघळत होते. पुऱ्या ओल्या होऊन एकमेकींना चिकटलेल्या. भाजीला वास होता, फार नाही, जरासा आंबूस. काकूंनी बोटावर घेऊन चाखली आणि म्हणाल्या, “लिंबू पिळलंय ना, त्याचा आहे.” एकीनं डाव भाजीत घालून उचलला, तर मागे बारीक तार आली. तोवर पुढच्या ओळीतली अकरा मुलं जेवायला लागली होती.

हे थांबवलं आमच्यापैकी कोणी नाही. बसचे ड्रायव्हरभाई हात धुऊन डबा घ्यायला आले होते. त्यांनी झाकण उघडलं, हुंगलं आणि सरळ म्हणाले, “बेन, आ छोकराओने ना आपशो.”

मग गडबड झाली. मुलांच्या हातातून डबे काढून घेतले, केळी आणि बिस्किटांचे पुडे आणले, चिक्की वाटली. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी अकरापैकी पाच जणांना त्रास झाला, दोघांना उलट्या आणि तिघांना जुलाब. मंगळवारपर्यंत सगळी बरी. एकालाच डॉक्टरांकडे न्यावं लागलं.

आम्ही मात्र त्या संध्याकाळी पालकांना काही कळवलं नाही. ‘उगाच घाबरतील’ हे कारण. एका आईला लेकीकडून कळलं, तिनं व्हॉट्सअॅप गटावर विचारलं, आणि मग जे व्हायचं ते झालं. भाजी बिघडल्यापेक्षा लोकांना गप्प बसल्याचा राग जास्त होता आणि तो रास्त होता.

नेमकं चुकलं कुठे

पहिल्या बैठकीत चर्चा बटाट्यावर अडकली. बटाटा जुना होता का, लिंबू जास्त झालं का, कढई कल्हईची होती का. दुसऱ्या बैठकीत एका ताईंनी कागदावर फक्त वेळा लिहिल्या. त्या एका औषधाच्या कारखान्यात नोकरी करतात, वेळ लिहिल्याशिवाय त्यांचं पान हलत नाही.

भाजी उतरली ४ वाजता. डबा बंद ५ वाजता. बस ६.३० वाजता. उघडला २.१५ वाजता.

सगळ्यांच्या डोक्यात हिशोब होता तो साडेसहा ते साडेअकराचा, म्हणजे पाच तासांचा. खरा हिशोब सव्वादहा तासांचा होता. डबा करणाऱ्यांना जेवणाची वेळ बदलल्याचं माहीत नव्हतं, आणि वेळ बदलणाऱ्यांना डबा कधी भरला ते.

त्यातून डबा गरम बंद केलेला. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जंतू झपाट्यानं वाढतात. शिजवलेलं ओलं अन्न या टप्प्यात चार तासांहून जास्त राहिलं तर ते टाकावं, असा एक सर्वमान्य ठोकताळा आहे. गरम भाजी बंद डब्यात, डबा खोक्यात, खोकं डिकीत. ती नीट गरमही राहत नाही आणि गारही होत नाही, तासन्‌तास कोमट राहते. काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि अशा कोमट, ओल्या, पिठूळ अन्नात जागे होतात. बटाटा आणि भात म्हणूनच लवकर जातात. वाफेचं पाणी झाकणाला लागून परत पुरीवर पडतं ते वेगळंच.

काकूंची भाजी वाईट नव्हती. तीच भाजी घरी सकाळी आठला केली असती तर बाराला बोटं चाटून खाल्ली असती. हे काकूंना कोणीतरी नीट सांगायला हवं होतं. आम्ही नुसतंच ‘बटाटा नको’ म्हटलं. त्या दोन महिने मंडळात आल्या नाहीत.

समोर असलेले पर्याय

डिसेंबरच्या सहलीआधी चार गोष्टी पुढे आल्या.

केटररला सांगावं, हे काही पालकांचं म्हणणं. पण सहाला डबा द्यायचा तर तोही रात्रीच रांधणार, मग तासांचा प्रश्न तसाच राहतो, फक्त दोष द्यायला दुसरा माणूस मिळतो. हा पर्याय पाच मिनिटांत बाजूला पडला.

पोचल्यावर तिथेच भोजनालयात जेवावं. चाळीस जणांची सोय एकाच वेळी, मुलं रांगेत, आणि तिथला स्वयंपाक कसा ते कोणाला ठाऊक! तरी हा पर्याय वाईट नव्हता. आम्ही तो नीट तपासलाच नाही असं मला आता वाटतं.

ज्यानं त्यानं घरचा डबा आणावा, यावर सगळ्यात जास्त बोलणं झालं. सोपं आहे, जबाबदारी ज्याची त्याची. पण आमच्या वर्गात अशीही घरं आहेत जिथे आई-वडील दोघांची पाळी पहाटे संपते. आधी एकदा हा प्रयोग झाला होता. एकाच्या डब्यात पास्ता आणि शेजारच्याकडे बिस्किटांचा अर्धा पुडा. त्या मुलानं ‘भूक नाही’ म्हणून पुडा उघडलाच नव्हता. ते पाहिलेल्या दोघी बैठकीत होत्या आणि त्या हटल्या नाहीत.

राहिला चौथा: आपणच करायचं, पण पदार्थ बदलायचे.

इथे दशमी की थेपला हा वाद निघाला, आणि बडोद्याच्या मराठी घरांत तो निघणारच. दशमी आपली, दुधात भिजवलेली, प्रवासातली जुनी सोबतीण. पण दूध आलं की भरवसा कमी. एका मावशींच्या गुजराती शेजारणीनं थेपल्याचं गणित सांगितलं: पाणी जेमतेम, तेलाचं मोहन सढळ, दही अजिबात नाही, दोन्ही बाजूंनी दाबून शेकायचं, आणि गरम थेपल्यावर थेपला रचायचा नाही. ओलावा कमी म्हणून टिकतो. त्याच्या जोडीला छुंदो. कैरी साखरेत मुरलेली, तीही टिकणारी. मत थेपल्याला पडलं. एक आजोबा म्हणाले, “सयाजीरावांच्या राज्यात राहून इतकं शिकायला हरकत नाही.”

फॉर्ममधला एक रकाना

संमतीपत्रात त्या वेळी पहिल्यांदा एक ओळ घातली: मुलाला कशाची अॅलर्जी किंवा कुठलं पथ्य आहे का? ३६ फॉर्म आले. एका मुलीचे वडील जैन, तिला कांदा-लसूण-बटाटा चालत नाही. आणि एका मुलासमोर लिहिलं होतं: शेंगदाणा. चार वर्षांचा असताना ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, दवाखान्यात न्यावं लागलं.

हा मुलगा दोन वर्षं आमच्या वर्गात होता. आधीच्या सहलींना त्याची आई वेगळा डबा द्यायची आणि आम्ही आपसात म्हणायचो, फार लाडोबा आहे, बाहेरचं खात नाही. त्याच्या शेजारी बसून बाकीची मुलं दाण्याची चटणी खात होती, आणि आम्ही त्याच्या हातात चिक्की ठेवत होतो. तो ती खिशात घालून घरी नेत असे.

पहिला सूर असा की त्याचा डबा वेगळा करू, वर लाल खूण करू. हा निर्णय जवळजवळ झाला होता. मग वेळा लिहिणाऱ्या ताईंनी विचारलं, चाळीस डब्यांत तो एक हरवला तर? आणि शेजारच्यानं आपली चटणी त्याला देऊ केली तर? त्यापेक्षा कोणाच्याच डब्यात दाणा नको. म्हणजे चटणी गेली, चिक्कीही गेली. तिळाची चिक्की चालेल का यावरही बोलणं झालं, पण दुकानात सगळ्या चिक्क्या एकाच ओट्यावर थापतात. शेवटी गूळपापडी ठरली, इथली सुखडी. कणीक, तूप, गूळ, बस्स.

मराठी स्वयंपाकातून दाण्याचं कूट काढायचं म्हणजे काय, ते या वेळी कळलं. मिक्सरचं जे भांडं काढावं त्यात कधी ना कधी कूट झालेलंच असतं.

तेलाचा डबा

शनिवारी संध्याकाळी पाचला मंडळाच्या स्वयंपाकघरात जमलो. साडेपाच किलो कणीक, मेथी निवडून धुऊन वाळवलेली. दोन किलो कणीक भिजवून झाली आणि एकीनं तेलाचा पत्र्याचा डबा उचलताना मोठ्यानं वाचलं: सिंगतेल.

गुजरातेत राहणाऱ्याला यातली गंमत कळेल. सिंगतेल म्हणजे शेंगदाण्याचंच तेल, पण ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्याला कोणी दाणा समजत नाही. पूर्ण रिफाइंड केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, त्यामुळे ते बहुतेकांना बाधत नाही. घाणीच्या किंवा नुसत्या गाळलेल्या तेलात उरू शकतं. आमचा डबा गाळलेल्या तेलाचा होता.

दोघी म्हणाल्या, इतक्या तेलानं काय होतंय. एकीनं मुलाच्या आईला फोन लावला. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “मी घरी कपासिया वापरते.” म्हणजे सरकीचं तेल. एवढंच.

भिजवलेली दोन किलो कणीक बाजूला ठेवली, ती नंतर आम्ही वाटून घरी नेली. परात, तवे, उलथनी साबणानं घासली, कोपऱ्यावरून कपासिया तेल आणलं आणि पुन्हा सुरुवात केली. साडेआठला आवरायचं ते साडेदहा झाले.

थेपले धुवट पंच्यांवर सुटे पसरले, पूर्ण गार झाल्यावर झाकले. डबे भरले पहाटे साडेपाचला. भरणाऱ्या तिघी ठरलेल्या, नखं कापलेली, हात धुतलेले. बोटाला कापलेलं असलेल्या एकीला हिशोबाला बसवलं, कारण जखमेतले जंतू अन्नात गेले तर त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. प्रत्येक खोक्यावर केल्याची वेळ आणि ‘१ वाजेपर्यंत खाणे’ असं खडूनं लिहिलं.

काकूंना आणायला मी स्वतः गेले होते. शाळेतल्या मध्यान्ह भोजनात मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी चाखून बघायचं असतं. तसं आमच्याकडे चाखायचं काम त्यांनी घ्यावं, आणि त्यांनी ‘नाही’ म्हटलं तर कोणी वाद घालायचा नाही, असं ठरवून गेले होते. त्या म्हणाल्या, “माझीच भाजी खराब निघाली म्हणून मलाच पहारेकरी करताय?” मी हो म्हटलं. त्या आल्या.

डिसेंबरची सहल

डभोईची हिरा भागोळ, म्हणजे तिथल्या किल्ल्याची जुनी वेस, आणि मग चांदोदचा नर्मदाकाठ. जेवणाची वेळ १२.३०, आणि ती हलवायची तर डबा करणाऱ्यांपैकी एकीला विचारून, हे आधीच ठरलेलं. भागोळीच्या कोरीवकामापाशी मुलं रेंगाळली तरी पावणेएकला सगळी पंगतीत होती. काकूंनी चार खोक्यांतला एकेक डबा उघडून चाखला. “कोरडं आहे, पण चांगलं आहे.”

कोरडं होतंच. मुलं घासाघासाला पाणी मागत होती आणि पाण्याचे दोन जार जेवणातच संपले, तिसरा विकत घ्यावा लागला. छुंदो सात-आठ डब्यांत सांडून थेपल्यांना लागला. ज्यांच्या डब्यात सांडला ती मुलं खूश, बाकीच्यांनी तक्रार केली की आमचा का नाही सांडला. १७० थेपल्यांपैकी ४१ परत आले; सहा-सात वर्षांच्या मुलांना चार थेपले जात नाहीत हे आम्हाला, घरोघरी पोरं वाढवलेल्या बायकांना, मोजून कळावं!

तो मुलगा मध्येच बसला होता, सगळ्यांसारखाच डबा घेऊन. त्यानं आपली सुखडी शेजारच्याला दिली आणि बदल्यात एक थेपला घेतला. त्याची आई बसजवळ उभी राहून ते बघत होती. तिला आम्ही बरोबर यायला सांगितलं होतं.

नंतर कोणालाही त्रास झाल्याचं कळलं नाही. संध्याकाळी गटावर आपणहून लिहिलं: काय दिलं, किती वाजता खाल्लं, किती उरलं.

पुन्हा करायचं तर

एक गोष्ट खटकते ती आधी. चुलीपासून तोंडापर्यंतचे तास आम्ही कमी केले नाहीत, उलट वाढवले. पहिले थेपले खाईपर्यंत सोळा-सतरा तासांचे झाले होते. ते टिकले कारण पदार्थ कोरडा होता, गार करून भरला होता, आणि डिसेंबर होता. या तिघांपैकी कोणाचं श्रेय किती ते ऑगस्टमध्येच कळेल. निदान श्रावणात आदल्या रात्री थेपले करून ठेवायला मी तयार होणार नाही.

दुसरं, मुलाच्या आईला औषधाबद्दल आम्ही बस सुटताना विचारलं. डॉक्टरांनी दिलेलं औषध तिच्या पर्समध्ये होतं, हे आमचं नशीब. ते कोणाकडे असणार, कधी द्यायचं, जवळचा दवाखाना कुठला, हे फॉर्म हातात आला त्याच दिवशी विचारायला हवं होतं. दाणा वगळण्यावर आम्ही तीन बैठका घेतल्या आणि चुकून पोटात गेलाच तर काय, यावर एकही नाही.

तिसरं काकूंचं. त्यांचे दोन महिने आम्ही उगाच घालवले. वेळांचा तो कागद पहिल्याच दिवशी त्यांना दाखवला असता तर पुरे होतं, त्यांनी तो डिसेंबरमध्ये पाहिला आणि म्हणाल्या, “अगं, मग चार वाजता कशाला करायला लावलीत?”

फॉर्ममधला रकाना कायम झाला आहे. पाण्याचे जार आता चार. मोठ्यांना चार थेपले, लहानांना दोन, हवा तर तिसरा.

मुलांना येत्या श्रावणात पुन्हा चांपानेरला जायचं आहे, खांब मोजायचे राहिलेत म्हणून. काकू म्हणतात, भाजी मीच करणार, पण शेगडी-सिलिंडर बरोबर घ्या, तिथे गेल्यावर परतते. संयोजक दादांनी अजून होकार दिलेला नाही.